आळशी म्हणण्याआधी

मांडवगण फराटा आणि भीमेच्या अल्याड-पल्याडच्या गावांत स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरी जाऊन बसलं, की बोलण्याचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी जुनी हकिगत येते. रात्री-अपरात्री उसात निघून जायचा, भाकरीत काहीतरी कालवलंय म्हणून ताट सारायचा, कुणी नसताना कुणाशी तरी बोलायचा. मग देवऋषी झाला, अंगारा झाला, शेवटी कुणीतरी पुण्याचा दवाखाना सांगितला आणि गोळ्या सुरू झाल्या. "आता ते समदं थांबलंय," आई सांगते. मग आवाज खाली आणून म्हणते, "पर उठतच नाही. नुसता पडून असतो. अंघोळ कर म्हणून चार येळा सांगावं लागतं." उंबऱ्यापाशी उभा असलेला थोरला भाऊ तेवढ्यात एक शब्द टाकून बाहेर पडतो: आळशी.

ही पुस्तिका त्या एका शब्दाविरुद्ध आहे.

भास आणि संशय यांवर गोळ्या चालतात. सगळ्यांवर सारख्या नाही, पण पुष्कळांवर चांगल्या चालतात. उमेद जाण्यावर मात्र अजून खात्रीचं औषध नाही, आणि घर खचतं ते या दुसऱ्या भागाने. आवाज ऐकू येणारा माणूस आजारी आहे हे गाव मान्य करतं. जो शांत झाला आहे, नीट बोलतो, दोन वेळा जेवतो आणि तरीही कामाला हात लावत नाही, त्याला आजारी म्हणायला कुणी तयार नसतं. आपल्याकडचं जगणं अंगमेहनतीचं. उसाला पाणी द्यायचं, गाईंच्या धारा काढायच्या, कारखान्याची तोड आली की रात्र बघायची नाही. अशा घरात तिशीतला धडधाकट दिसणारा मुलगा दुपारी बारा वाजता गोधडीत असेल, तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं जातं हे मी वेगळं सांगायला नको.

बाईच्या बाबतीत ही नजर आणखी कडक होते. पुरुष पडून राहिला तर निदान त्याचं ताट त्याच्यासमोर येतं. सून पडून राहिली तर चूल अडते. भाजी चिरायला बसली आणि विळी पुढ्यात ठेवून अर्धा तास तशीच बसून राहिली, लेकराची वेणी घालायची राहून गेली, भांडी तशीच पडली, की दोन-चार महिन्यांत तिची रवानगी माहेरी होते. आजाराचं नाव माहीत होण्याआधीच संसार मोडतो. माहेरी गेलेल्या बाईच्या गोळ्या कोण आणून देणार, हा प्रश्न तर पुढचाच. या पुस्तिकेत जिथे 'तो' लिहिलं आहे तिथे वाचकांनी 'ती'ही वाचावं, आणि गावच्या आशा स्वयंसेविकांनी, म्हणजे आशाताईंनी, तर आधी 'ती'च वाचावं.

आजार दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे दर तीनशे माणसांमागे एक. दहा हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला तर तीसेक माणसं येतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की स्किझोफ्रेनियासारख्या आजारांच्या चारपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. त्या सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

उमेद जाणं हे या आजाराचं अगदी जुनं लक्षण आहे. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभर वर्षांहून आधी या रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हाच इच्छाशक्ती क्षीण होण्याला त्याने मध्यवर्ती जागा दिली होती. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिलं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं आणि भास-संशय पहिल्यांदा आटोक्यात येऊ लागले. त्या यशानंतर कितीतरी वर्षं संशोधनाचा भर भासांवरच राहिला. बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, माणसांत मिसळणं नकोसं होणं, पुढच्या आनंदाची ओढ न वाटणं आणि काम सुरूच न होणं, या पाच गोष्टींना डॉक्टर 'नकारात्मक लक्षणं' म्हणतात. माणसात जे असायला हवं ते कमी झालं, एवढाच त्याचा अर्थ. यातलं शेवटचं लक्षण, काम सुरू न होणं, हा आपला विषय आहे.

आता एक प्रयोग नीट समजून घेऊ, कारण घरातल्या भांडणाचं उत्तर त्यात आहे. मायकेल ट्रेडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेत मेहनतीचा कल मोजण्याची एक चाचणी तयार केली. माणसाला संगणकासमोर बसवतात आणि प्रत्येक खेपेला दोन कामांतलं एक निवडायला सांगतात. सोपं काम असं: ज्या हाताने आपण कामं करतो त्या हाताच्या तर्जनीने ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबायचं, मिळणार एक डॉलर. अवघड काम: दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा बटण दाबायचं, मिळणार जास्त, कधी चार डॉलरच्याही वर. शिवाय काम पूर्ण केलं तरी पैसे मिळतीलच असं नाही. मिळण्याची शक्यता कधी १२ टक्के, कधी ५०, कधी ८८, आणि ती आधीच सांगितलेली असते. डाव्या करंगळीने शंभर वेळा टेबलावर टकटक करून पाहा. साठीच्या पुढे बोट भरून येतं.

पुढे ही चाचणी स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांवर अनेक ठिकाणी झाली. निरोगी माणूस काय करतो? पैसे जास्त असतील आणि मिळण्याची शक्यताही जास्त असेल, तेव्हा करंगळी दुखवायला तयार होतो. एरवी सोपं काम घेतो. स्किझोफ्रेनिया असलेले लोक अवघड काम कधी घेतच नाहीत असं दिसलं नाही. दिसलं ते हे की मोबदला मोठा आणि जवळपास हमखास असतानाही मेहनतीकडे त्यांचा कल पुरेसा वाढत नाही. ज्यांची नकारात्मक लक्षणं जास्त, त्यांच्यात हे अधिक ठळक. आळशी माणूस कष्ट टाळतो, पण फायदा कुठे आहे हे त्याला चोख कळतं आणि तिथे तो पळतही जातो. इथे 'एवढ्यासाठी एवढे कष्ट परवडतील' हा आतला हिशेबच लागत नाही.

दुसरा शोध ॲन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला आनंद होतच नाही, अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्ष त्या क्षणी विचारलं तर आनंद बऱ्यापैकी इतरांइतकाच होतो, असं त्यांना दिसलं. कमी पडते ती पुढच्या आनंदाची चाहूल. घराघरांतली एक कडू तक्रार इथे उलगडते. "जत्रेत नेला तर हसत होता, कुस्त्या बघत होता. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आली की बरा आजार येतो." कुटुंबाला हे सोंग वाटतं. खरं तर हीच या आजाराची खूण आहे. जत्रेत पोचल्यावर तो रमला, कारण रमण्याची ताकद शाबूत आहे. जत्रेला जाण्यासाठी पहाटे उठून, तोंड धुऊन, सदरा घालून तो आपणहून निघाला नव्हता. त्याला कुणीतरी नेलं होतं. विजेचा दाब कमी असला की विहिरीवरची मोटार नुसती घरघरते, पाणी उचलत नाही. तेव्हा आपण विहिरीला दोष देत नाही.

मग दाब कमी का पडतो? कारणं एकाहून जास्त आहेत. त्यांतलं एक गेल्या वीस वर्षांत हळूहळू पुढे आलं आहे, आणि ते मेंदूपेक्षा शरीराकडून जास्त समजतं. ते म्हणजे दाह.

शरीरात जंतू शिरला किंवा जखम झाली, की संरक्षणाची यंत्रणा जागी होते. लाली येते, सूज येते, ठणका लागतो, ताप चढतो. काम झालं की हे सगळं ओसरायला हवं. काही लोकांत ते पूर्ण ओसरत नाही. बारीक प्रमाणात रेंगाळतं. बाहेरून काही दिसत नाही, थर्मामीटर काही दाखवत नाही, पण रक्तात सीआरपी, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा असे पदार्थ थोडे वाढलेले सापडतात. ही नावं आता परकी राहिलेली नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दौंड-शिरूरच्या कितीतरी घरांनी सीआरपीचे आकडे फोनवरून एकमेकांना सांगितले आहेत.

ताप आलेल्या माणसाला जेवण नको असतं, बोलणं नको असतं, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. हे आजारपणाचं वागणं जंतू घडवत नाहीत, शरीर स्वतःच घडवतं. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. आजारी गाय चारा सोडते, रवंथ थांबवते, बाकीच्या जनावरांपासून बाजूला उभी राहते. उरलेली शक्ती आजाराशी लढायला राखून ठेवण्याची ही निसर्गाची सोय आहे. चार दिवसांच्या तापात ती कामाची. पण दाहाचे पदार्थ महिनोन्महिने, वर्षानुवर्षं थोडे वाढलेलेच राहिले, तर मेंदूला 'अजून उठू नकोस' हाच निरोप सतत मिळत राहील का, असा प्रश्न संशोधकांना पडला.

त्याचं एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं. हेपेटायटिस-सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. हा पदार्थ दाहाची यंत्रणा चाळवतो. ती घेणारे पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत थकून जात, मन कशातच लागेनासं होई. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात अशा रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. पैसे जिंकण्याचा खेळ खेळताना मेंदूच्या तळाशी असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग सक्रिय व्हायला हवा. मोबदल्याची ओढ तिथे जागते. इंटरफेरॉन घेणाऱ्यांत तो भाग मंदावलेला दिसला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणाला स्किझोफ्रेनिया होता म्हणून हे घडलं नव्हतं. बाहेरून दाह वाढवला आणि ओढ कमी झाली, एवढं सरळ ते होतं.

यामागची एक रासायनिक पायरी अशी. ओढ आणि मेहनत यांच्याशी जोडलेलं डोपामिन शरीर टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतं. ते बनण्यासाठी टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा एक साहाय्यक पदार्थ लागतो. दाह वाढला की हा पदार्थ खराब होतो आणि कमी पडतो, मग डोपामिनचं उत्पादन मंदावतं. इथे चाणाक्ष वाचक अडखळेल: स्किझोफ्रेनियात डोपामिन जास्त असतं म्हणून तर ते रोखणाऱ्या गोळ्या देतात ना? बरोबर. पण मेंदूत डोपामिन सगळीकडे एकाच मापाने चालत नाही. भास-संशयाशी जोडलेल्या भागात ते अति असू शकतं आणि ओढीशी जोडलेल्या मार्गात अपुरं पडू शकतं. म्हणून तर एकीकडे आराम देणारी गोळी दुसरीकडे मदत करत नाही, आणि मात्रा वाढली की कधीकधी उमेद आणखी खाली जाते.

खुद्द स्किझोफ्रेनियात काय सापडलं? २०११ मध्ये ब्रायन मिलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे रक्तचाचण्यांचे अभ्यास एकत्र मांडले. इंटरल्यूकिन-६ आजार उसळलेला असताना वाढतं आणि उपचारांनी खाली येतं, तर टीएनएफ-अल्फासारखे काही पदार्थ वाढलेलेच राहतात, असं त्यातून निघालं. २०१८ मध्ये डेव्हिड गोल्डस्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्यात नकारात्मक लक्षणं मुक्कामालाच असतात, त्यांच्या रक्तात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांचा त्या लक्षणांशी संबंध आहे. आनुवंशिकतेकडूनही एक धागा येतो: २०१६ मध्ये 'नेचर'मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाने सी-४ नावाच्या जनुकाचे काही प्रकार स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवतात हे दाखवलं, आणि सी-४ हे मूळचं प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेतलं जनुक.

रुग्णांच्या रक्तातले बदल शोधण्याचं काम पुण्यातही झालं आहे आणि ते आपल्याला जवळचं आहे. भारती विद्यापीठाच्या आरोग्य-संशोधन संस्थेत साहेबराव महाडिक, साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध कधीच न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं रक्त तपासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि डीएचए हे मेदाम्ल कमी, तर होमोसिस्टिन आणि कॉर्टिसोल वाढलेलं होतं. रुग्ण गोळ्या घेत नसल्यामुळे 'हे गोळ्यांनी झालं' असं म्हणण्याची सोय राहिली नाही. बी-१२ ची कमतरता पुण्याच्या ग्रामीण भागात किती पसरलेली आहे, हे केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासाने जगाला दाखवलंच आहे.

याज्ञिकांचं आणखी एक निरीक्षण इथे फार उपयोगी पडतं. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच दोन फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ दिसला तरी आत चरबी बाळगून असतो. ही चरबी, विशेषतः पोटाची, स्वस्थ बसत नाही. ती स्वतःच इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ सोडते. आता यात ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घाला. या गोळ्यांनी भूक वाढते, वजन वाढतं, साखर चढते. पडून राहिल्याने चरबी वाढते, चरबीने दाह वाढतो, दाहाने उठण्याची ओढ आणखी कमी होते. किरकोळ दिसणाऱ्या मुलाचं पोट सुटायला लागलं तर "चला, अंगी लागतंय" म्हणून घर समाधान मानतं. मी तिथे प्रत्येक वेळी कमरेचा घेर मोजायला सांगते.

इतकं वाचून कुणी दौंडच्या लॅबमध्ये सीआरपी करायला निघेल, म्हणून थांबवते. सीआरपी वाढलेलं आहे याचा अर्थ उमेद दाहानेच गेली असा होत नाही. किडका दात, पायाला झालेली जखम, तंबाखू, लठ्ठपणा, मधुमेह, नुकता येऊन गेलेला ताप, कशानेही ते वाढतं. स्किझोफ्रेनिया असलेल्या सगळ्यांत दाह असतो असंही नाही. एका गटात असतो, एवढंच म्हणता येतं. आणि दाह आधी की पडून राहणं आधी, हे रक्ताच्या एका नमुन्यावरून कुणीही सांगू शकणार नाही. या चाचणीवर आजाराचं निदान करणारा डॉक्टर भेटला तर दुसरा डॉक्टर बघा.

औषधांच्या बाबतीत तर आशेने अनेकदा ठेच खाल्ली आहे. मिनोसायक्लिन हे साधं, जुनं अँटिबायोटिक दाहही कमी करतं. पाकिस्तान आणि ब्राझीलमध्ये झालेल्या चाचणीत त्याने नकारात्मक लक्षणं कमी झाल्याचं २०१२ मध्ये दिसलं, आणि सगळीकडे उत्साह पसरला. मग ब्रिटनमध्ये आजाराची सुरुवात होऊन फार काळ न लोटलेल्या २०७ जणांवर वर्षभराची काटेकोर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला: फायदा नाही. कोरोनात नातेवाइकांनी ज्याच्यासाठी धावाधाव केली ते टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ला रोखतं. स्किझोफ्रेनियातल्या एका छोट्या चाचणीत त्याचाही उपयोग दिसला नाही. नैराश्यातली एक चाचणी मात्र विचार करायला लावणारी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरलं गेलं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक नव्हता, पण ज्यांचं सीआरपी मुळात ५ च्या वर होतं त्यांना फायदा झाल्याचा कल दिसला. ज्याला दाह आहे त्यालाच दाहाचं औषध, हा विचार तिथून बळावला. स्किझोफ्रेनियात तो अजून तपासला जातो आहे.

तोवर एक गोष्ट ठासून सांगते. दाह कमी करायचा म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज देऊ नका. किडनी आणि जठर त्याची किंमत मोजतात. अंगात तरतरी यावी म्हणून कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ केलं तर स्पष्ट नाही म्हणा. स्टिरॉइड दाह जरूर कमी करतं, पण ते स्वतःच भास आणि संशय निर्माण करू शकतं. आणि मानसोपचाराच्या चालू गोळ्या कोणत्याही कारणाने आपल्या मनाने बंद करू नका.

मग हातात काय उरतं? पुष्कळ उरतं, आणि याच जाणिवेने ही पुस्तिका लिहायला घेतली.

पहिलं काम उलटतपासणीचं. पडून राहण्यामागे मूळ आजाराखेरीज दुसरं काही आहे का? विल्यम कारपेंटर यांनी १९८८ मध्ये हा भेद नीट मांडला, आणि गावातल्या डॉक्टरला तो आजही रोज उपयोगी पडेल. हॅलोपेरिडॉलसारख्या गोळीने अंग ताठरतं, चेहरा कोरा होतो, पाय घासत चालतो. तो आजार नसतो, गोळीचा परिणाम असतो आणि मात्रा किंवा गोळी बदलून कमी होतो. रात्रीची गोळी उशिरा घेतली की सकाळ सुस्तीत जाते. कुणी आतून घाबरलेला असतो, बाहेर पडलो तर लोक मारतील असं अजूनही वाटतं, म्हणून खोली सोडत नाही. कुणाला खरं नैराश्य असतं. कुणाचं हिमोग्लोबिन ८ असतं, कुणाचा थायरॉइड मंदावलेला असतो, कुणाला बी-१२ हवं असतं. यातलं प्रत्येक कारण सापडू शकतं, आणि प्रत्येकावर उपाय आहे.

दुसरं काम शरीराचं. दातांकडे कुणी पाहतच नाही. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या तोंडात हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या असतात, आणि सुजलेल्या हिरड्या म्हणजे रोजचा दाह. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस 'दात दुखतो' असं आपणहून सांगेलच असं नाही. त्याचं तोंड उघडून पाहा. वजन, कंबर, साखर, रक्तदाब दर तीन महिन्यांनी मोजून वहीत लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सगळं होतं. चालणं हे औषधासारखं ठरवून, कुणाच्या तरी सोबतीने, रोज त्याच वेळी व्हायला हवं. "जा, फिरून ये" म्हणून तो जाणार नाही. "चल, मी येतोय" म्हटलं तर जाण्याची शक्यता आहे. मघाच्या प्रयोगातून निघणारं शहाणपण नेमकं हे आहे. सुरुवात त्याच्याकडून होत नाही, म्हणून सुरुवात आपण पुरवायची. काम लहान, फळ लगेच, आणि झाल्याबरोबर चांगला शब्द. "गोठा साफ कर" हे त्याच्यासाठी अवाढव्य काम आहे. "ही बादली तेवढी गाईपुढे ठेव" हे जमण्यासारखं.

असं गावपातळीवर होऊ शकतं का? २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका भारतीय चाचणीचे निष्कर्ष आले. गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात मिळून २८२ रुग्ण तीत होते. काहींना नेहमीचा दवाखान्याचा उपचार, तर काहींना त्याच्या जोडीला गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांची घरी भेट. साताऱ्याच्या कामात डॉ. हमीद दाभोलकर होते. वर्षभरानंतर घरी भेटी मिळालेल्यांची लक्षणं आणि अपंगत्व जास्त कमी झालं. फरक माफक होता; चमत्कार नव्हता. पण साताऱ्याच्या गावात दहावी-बारावी शिकलेली बाई हे करू शकते, तर मांडवगणची आशाताईही करू शकेल. मला या अभ्यासाने जितका धीर दिला तितका कोणत्याही नव्या गोळीने दिलेला नाही.

कुटुंबांचीही आपसांत गाठ पडायला हवी. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून शिकत पुण्यात १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ मध्ये आला आणि मराठी घरांत या आजाराचं नाव उघडपणे घेतलं जाऊ लागलं. या मंडळींनी आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेने रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणण्याची रीत पाडली. पुढच्या पानांत आम्हीही तेच शब्द वापरले आहेत. शुभंकरांचा असा गट महिन्यातून एकदा गावातही बसू शकतो. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

शेवटी, जवळपास प्रत्येक आई मला बाजूला घेऊन विचारते तो प्रश्न: "मी गेल्यावर ह्याचं कोण बघणार?" त्याचं पुरं उत्तर माझ्याजवळ नाही, पण तीन कागद आजच करता येतात. २०१६ च्या कायद्याने मानसिक आजार अपंगत्वाच्या यादीत आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी 'आयडियाज' या मोजपट्टीवर तपासून प्रमाणपत्र देतात, म्हणजे काम सुरू न होणं हे कायद्यानेही मोजलं जातं, त्याला आळस म्हटलं जात नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं तर योजनांचा लाभ घेता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शुभार्थीला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो आणि पुढे आजार बळावला तर कोणता उपचार हवा, कोणता नको, हे आधीच लिहून ठेवता येतं. हे दोन्ही कागद तो बरा असतानाच, त्याच्याशी बोलून करायचे आहेत. अडचण आली तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. नमुना अर्ज शेवटच्या प्रकरणात जोडले आहेत. पहिलं प्रकरण गोळ्यांच्या परिणामांवर आहे. ते वाचताना गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन बसा.